स्पेनवाल्याचं अर्धं पान

स्पेन देशाचा एक थोर कादंबरीकार आमच्या घरी फुटाण्यांसोबत आला. आबा बाळापूरच्या बाजारातून परतले की त्यांच्या पिशवीत आम्हा दोघी बहिणींसाठी फुटाण्यांची एक पुडी असायची. फुटाणे कमल अक्काचे आणि पुडीचा कागद माझा, अशी आमची वाटणी ठरलेली होती. अक्काला वाटायचं ती मला फसवते, आणि मला वाटायचं मी तिला. त्या वेळचा कागद कुठल्याशा जुन्या मासिकाचा होता. वर ठळक अक्षरांत 'स्पेन देशाचे थोर कादंबरीकार' एवढं छापलेलं, आणि पुढे नाव येणार तेवढ्यात दुकानदारानं पान उभं फाडलेलं. खाली त्यांची वचनं एकाखाली एक छापली होती, पण प्रत्येकाचे पहिले दोनच शब्द आमच्या वाट्याला आले होते. 'जो माणूस.' 'मित्र म्हणजे.' 'उपाशी पोटी.' 'ज्या घरात.' अशी अठरा-वीस. राहिलेलं शहाणपण दुसऱ्या कुणाच्या तरी शेवेला गुंडाळून दुसऱ्या कुठल्या तरी गावाला गेलं होतं.

दुसऱ्या कुणी तो कागद चुलीत घातला असता. पण मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि कुरुंद्यातली सगळ्यात हुशार मुलगी मीच आहे असा माझा पक्का समज होता. समज पक्का असायला कारणही होतं, मी कुणाला विचारलं नव्हतं. दोन वेण्या, नाकात मुरणी, पाटीवर कोरल्यासारखं अक्षर, आणि तोंड असं की माय म्हणायची, ह्या पोरीला देवानं जीभ आधी केली अन् मग उरलेल्या मातीतून बाकीचं अंग. आज आरशात बघते तर मायचं खरं होतं असं वाटतं. बाकीचं अंग आटून गेलं, जीभ आहे तशीच आहे.

अक्षर चांगलं म्हणून शाळेच्या ओट्यावरच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम गुरुजींनी माझ्याकडे दिलं होतं. गुरुजींची सुविचारांची वही पावसाळ्यात भिजून तिचा लगदा झाला होता, आणि 'नेहमी खरे बोलावे' हे एकच वाक्य मी तीन आठवडे वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी लिहून काढलं होतं. त्यात हे पान हाती आलं. पहिल्या दिवशी मी 'उपाशी पोटी' घेतलं, थोडा विचार केला, आणि फळ्यावर लिहिलं: 'उपाशी पोटी भांडण मोठं दिसतं आणि भाकरी लहान.' खाली लिहिलं, 'स्पेन देशाचे थोर कादंबरीकार.' गुरुजींनी चष्मा वर करून वाचलं, वर्गात जाऊन नकाशावर स्पेन शोधला, त्यावर छडी ठेवली आणि म्हणाले, "बघा पोरांनो, इतक्या लांबच्या माणसाला सुद्धा आपल्यासारखंच वाटतं." वाटणारच होतं. भाकरीचं ते वाक्य आदल्या दिवशी आबा आणि चुलत्यांचं बांधावरून वाजलं तेव्हा मायनं चुलीपुढे बसून म्हटलं होतं.

मग मला गोडी लागली. लोकांच्या बोलण्यातून अर्धं वाक्य उचलायचं आणि स्पेनवाल्याच्या दोन शब्दांना जोडायचं. 'जो माणूस रोज खरं बोलतो, त्याच्या घरी पाहुणे कमी येतात' हे आबांचं. 'मित्र म्हणजे आपली चूक आधी आपल्याला सांगणारा आणि मग गावाला सांगणारा' हे आमच्या सालगड्याचं. गावातली माणसं शेताकडे जाताना शाळेवरून वाकडी वाट करून जायला लागली. "काय म्हनला आज स्पेनवाला?" असं एकमेकांना विचारायची. एका म्हाताऱ्यानं तर गुरुजींना विचारलं की ह्या बाबाचं दर्शन कधी मिळतं. आपण म्हटलेलं वाक्य फळ्यावर बघून मान डोलवणारी माणसं मी खांबाआडून बघायची आणि मला फार मजा यायची. त्यांना त्यांचंच बोलणं ओळखू यायचं नाही. खाली स्पेन लिहिलेलं होतं ना.

परवा नातीच्या फोनवर सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर असंच एक वाक्य आलं, खाली कुणा थोर माणसाचं नाव. नात म्हणाली, "आजी, किती भारी लिहिलंय ना?" मी म्हटलं, "बाई, हा धंदा मी फोन यायच्या आधीपासून करते." तिला वाटलं आजीचं काहीतरीच. तिनं स्पेनच्या कादंबरीकारांची यादीही काढून दाखवली. पुष्कळ निघाले. माझा कोणता ते मला सांगता आलं नाही आणि त्यांच्यापैकी कुणाला माझी ओळख असेल असंही नाही.

ते दिवस हळद शिजवायचे होते. कुरुंद्यात त्या दिवसांत कुणाच्या घरी काय चाललंय हे वासावरून कळायचं. शेताच्या कडेला मोठी कढई चुलाणावर चढवलेली, तिच्यात हळदीचे गड्डे, वर पोत्यांचं झाकण, आणि झाकणाखालून सुटणारी ती ओली, कडवट, मातीची वाफ. वाफ केसांत जायची, दुधात जायची, भाकरीत जायची. शिजलेली हळद खळ्यावर पसरली की सगळं शेत पिवळं व्हायचं आणि आमची नखं होळीपर्यंत पिवळी राहायची. अक्का ह्या कामात राणी होती. कढईतला गड्डा काडीनं टोचून ती सांगायची, "अजून दोन लाकडं," आणि आबांसारखा माणूस मुकाट दोन लाकडं घालायचा. तिला सुई मात्र धरता यायची नाही. एकदा तिनं कापडावर राघू भरला होता. आबांनी तो बघितला आणि विचारलं, "बेडूक काहून काढला?"

आणि नेमकं भरतकामच तिच्या गळ्याशी आलं. ते कसं, हे सांगायचं तर आधी मुमताज खाला सांगायला हवी. खाला आमच्या शेजारची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन पंचक्रोशीतल्या गावांना पायी फिरायची. बांगड्या भरताना बाईचा हात खालाच्या हातात असतो, पुरुष तिथे थांबत नाहीत, आणि हात आवळलेला असताना बाईच्या तोंडून जे निघतं ते एरवी कधी निघत नाही. म्हणून पंचक्रोशीतल्या बायांच्या पोटातलं खालाला ठाऊक असायचं. तिचा एक नेम होता. ऐकलेलं ती सांगायची, पण कुणी सांगितलं ते मरेतो सांगायची नाही. स्थळं जमवायला असा माणूस फार उपयोगी. अक्कासाठी सिद्धेश्वरचं स्थळ तिनंच आणलं. मुलगा माधव, तिथल्या धरणाच्या कामावर. वडील तात्यासाहेब, त्याच धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले.

अक्कानं माधवला औंढ्याच्या जत्रेत बघितलं होतं. खालानंच लांबून दाखवला होता. त्याच्या हातातली बर्फाची कांडी धुळीत पडली, त्यानं इकडेतिकडे बघितलं, आणि कुणी बघत नाही असं समजून तो एकटाच हसला. अक्का मला म्हणाली, "शकू, जो मानूस स्वतःला हसतो त्याच्या घरी मी हळद शिजवीन." असं ती आयुष्यात पहिल्यांदाच काही मागत होती. हे जमलं नाही तर आत्याच्या दिराचं स्थळ तयारच होतं. त्याचं वय अक्काच्या दुप्पट, आणि तो बोलताना डोळे मिटून घ्यायचा. आबांनी सांगून टाकलं होतं, हळद निघाली की दोहोंतलं एक उरकायचं.

खाला निरोप घेऊन आली. "तात्यासाब बोले, लडकी का भरतकाम देखना है. उनके घर में सब काम कायदे से होता." अक्का माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या नावानं भरून द्यायला लगेच तयार झाले. बहिणीवरच्या मायेनं झाले असं आज लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं म्हणजे स्पेनवाल्याला काचेच्या चौकटीत बसलेला बघायची मला घाई झाली होती. सगळ्यांच्या घरी 'सुस्वागतम्' आणि दोन हरणं असायची. आमच्या भिंतीवर परदेश असणार होता.

पांढरं दोसुतीचं कापड आणलं, लाल-हिरवा दोरा आणला, आणि फुलीच्या टाक्यानं भरायला बसले. पानावरचा एकच तुकडा वापरायचा राहिला होता, 'ज्या घरात.' त्याला पुढचं काही सुचेना. तेवढ्यात ओसरीवर मायनं खालाला विचारलेलं ऐकू आलं, "घर कसं हाय ते खरं सांग बाई." खाला म्हणाली, "घर अच्छा है. लडका तो सोना है. लेकिन वां एकच आदमी बोलता, बाकी कोई सुनतेच नै." मी आत सुई थांबवली. काय वाक्य होतं. मी ते लगेच मराठीत फिरवून घेतलं. ते कोणत्या घराबद्दल आहे हे त्याच दमात सांगितलेलं होतं, आणि ते माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून सरळ अंगणात गेलं. मला वाक्य मिळालं की बाकीचं ऐकू यायचं बंद व्हायचं. हा दोष पुढे लग्नानंतरही राहिला, पण ते वेगळं.

दहा दिवस खपून मी भरलं: 'ज्या घरात एकच माणूस बोलतो, त्या घरात कुणीच ऐकत नाही.' खाली 'स्पेन देशाचे थोर कादंबरीकार.' कोपऱ्यात माझ्या हळदीच्या बोटाचा डाग पडला, त्यावर एक कमळ भरलं. माय आणि खालाला वाचता येत नव्हतं. अक्का दिवसभर कढईपाशी. आबांनी वाचलं, "झकास," म्हणाले आणि स्वतः खिळा ठोकून चौकट ओसरीच्या मधोमध लावली, पाहुण्यांच्या बरोबर समोर.

पाहुणे दुपारी आले. तात्यासाहेब, त्यांची बायको गयाबाई, आणि माधव. मायनं चुरमुऱ्यांची सुशीला केली होती, वर ओलं खोबरं आणि भाजलेले शेंगदाणे. तात्यासाहेब बसले आणि बोलायला लागले. धरणाचे दरवाजे किती, ते कोणत्या क्रमानं उघडायचे, दरवाजा उघडताना कोणत्या बाजूला उभं राहायचं, पूर्णेला पाणी आलं तेव्हा साहेबांनी काय विचारलं आणि ह्यांनी काय उत्तर दिलं. आबांनी माधवला विचारलं, "शिक्षण किती झालं तुमचं?" तात्यासाहेबांनी सांगितलं. मायनं आतून विचारलं, "तिखट झालं का हो पोराला?" तात्यासाहेब म्हणाले, "न्हाई, त्याला चालतं." माधवच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. गयाबाई पदर नीट करून भिंतीकडे बघत बसल्या होत्या. त्या आल्यापासून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्यांना वाचता येतं हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

मी आणि खाला दाराआड. खालानं चौकटीकडे बोट करून हळूच विचारलं, "कितना अच्छा भरी गे तू. क्या लिखी?" मी कुजबुजत वाचून दाखवलं. खालाचा चेहरा बघता बघता बदलला. "ये किससे सुनी तू?" "तुमच्याकडूनच की. त्या दिशी ओसरीवर." खालानं कपाळावर हात मारला. "अगे बावली, वो इनकेच घर का था." तेव्हा कुठे माझ्या त्या हुशार डोक्यात उजेड पडला. मी ओसरीकडे बघितलं. तात्यासाहेब उठले होते, चष्मा लावत होते आणि चौकटीकडे चालले होते.

त्यांनी मोठ्यानं वाचलं. धरणाच्या दरवाज्यावर उभं राहून ओरडायची सवय असलेला आवाज तो, शेजारच्या अंगणातली कोंबडी सुद्धा गप्प झाली. आबांना आता काय होणार ह्याची कल्पना नव्हती, ते अभिमानानं हसत होते. मी खालाचा हात घट्ट धरला. तात्यासाहेब वळले आणि म्हणाले, "वा. हे मी वाचलेलं आहे."

"वाचलंय तुमी?" आबा.

"इंग्रजीतून. फार मोठा लेखक. हे वाक्य त्याच्या पुस्तकात शेवटाकडे येतं. जाड पुस्तक आहे, सगळ्यांना झेपत न्हाई." आणि मग त्यांनी त्या वाक्याचा अर्थ आम्हाला समजावून सांगितला. अशी घरं त्यांनी स्वतः पाहिली आहेत, अशा घरातल्या कर्त्या माणसाला आपण काय करतो ते कळत नाही, बायकापोरं कशी कोमेजतात. चहावर साय धरली. माधव मध्येच वडिलांना "दादा, चहा" म्हणाला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

दाराआड माझा जीव अर्धा भांड्यात पडला आणि अर्धा हसून बाहेर सांडायच्या बेतात होता. वाचलो, असं मला वाटलं. तेवढ्यात तात्यासाहेब खाली बसले आणि म्हणाले, "बोलवा मुलीला. सुईदोरा आणा. एक अक्षर आमच्यासमोर भरून दाखवू दे तिला. बाजारातून आणून लावणारे लोक असतात, म्हणून म्हणतो."

अक्का हिरव्या लुगड्यात येऊन बसली. कुणीतरी तिच्या मांडीवर दोसुतीचा तुकडा आणि सुई ठेवली. तिनं सुई हातात घेतली, दोरा घेतला, एकदा माधवकडे बघितलं. आत्याच्या दिराचे मिटलेले डोळे त्या क्षणी मला दिसले, तर तिला दिसले नसतील का. पण तिनं सुई खाली ठेवली.

"मला येत न्हाई," अक्का म्हणाली. "ते माझ्या बहिणीनं भरलंय. मला हळद शिजवता येती, खळं राखता येतं, सैपाक येतो. खोटं सांगून तुमच्या घरी येऊन काय करू? चार दिवसांनी कळंलच."

आबांचा चेहरा उतरला. आतमध्ये मायच्या हातातलं भांडं कुठेतरी ठेवलं गेल्याचा आवाज आला. तात्यासाहेबांनी मला बाहेर बोलावलं. मी गेले. इतकी लांब ओसरी मी पुन्हा कधी चालले नाही.

"तू भरलंस?"

"व्हय."

"वाक्य पुस्तकातून घेतलं असशील. मी म्हणतो त्याच पुस्तकातून ना?"

त्यांनी स्वतःसाठी दार उघडलं होतं आणि माझ्यासाठीही. नुसतं व्हय म्हटलं असतं तर आम्ही दोघंही सुटलो असतो. पण शेजारी अक्का बसली होती. तिचं सगळं पणाला लागलेलं असताना ती खरं बोलून बसली होती, आणि मी, कुरुंद्याची हुशार मुलगी, फळ्यामागे लपून आजवर दुसऱ्यांचं बोलणं विकत होते. पहिल्यांदा मला माझी लाज वाटली. फार नाही, पण वाटली.

"पुस्तक न्हाई," मी म्हटलं. "फाटका कागद हाय. 'ज्या घरात' एवढंच स्पेनवाल्याचं. पुढचं मी कुनाचं तरी ऐकून लावलं."

इंग्रजीतून वाचलेलं ते जाड पुस्तक सगळ्यांच्या मध्ये येऊन बसलं होतं. तात्यासाहेबांचे कान लाल झाले. "कुणाचं ऐकून?" त्यांनी विचारलं.

खाला दाराआडून बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मेरा है, तात्यासाब. मैं बोली थी. मेरे मुं में लगाम नै. बच्ची को कुच नक्को बोलो."

"तिचं न्हाई," कुणीतरी म्हणालं. आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो. तो आवाज ओळखीचा नव्हता. गयाबाई होत्या. "तिचं न्हाई ते. म्या म्हनले व्हते. मागल्या महिन्यात, बांगड्या भरताना."

आणि त्यांना हसू आलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग पदरातून खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. "म्या म्हनले," त्या पुन्हा म्हणाल्या, "आन ह्यांनी इंग्रजीतून वाचलं." ते ऐकून माधवनं चहाचा घोट घेतला होता तो त्याच्या नाकातून आला. आत माय हसली. आबांनी हसू दाबायला मिशीवर हात धरला, पण मिशी लहान पडली. खाला तेवढी हसत नव्हती. तिचा नेम तिनं मोडला नव्हता, तो त्या बाईनं स्वतः सोडवला होता, आणि खाला तिच्याकडे अशी बघत होती की जणू पेटीतली सगळ्यात महागाची काकणं कुणाला द्यायची ते तिला आजच कळलं.

तात्यासाहेब बसून राहिले. ओरडतील, उठून जातील, असं मला वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चौकट पुन्हा एकदा वाचली. ह्या वेळी मनातल्या मनात. मग बायकोकडे बघितलं. तिचं हसणं थांबेपर्यंत थांबले, आणि ते थांबायला बराच वेळ लागला. मग ते मुलाकडे वळले.

"तुला काय वाटतं रे?"

माधव सवयीनं उत्तरासाठी वडिलांकडेच बघत राहिला. उत्तर येईना म्हणून तो गडबडला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "मला पसंत हाय," तो म्हणाला. "औंढ्याच्या जत्रंपासूनच पसंत हाय." अक्काची मान झटकन वर आली. कांडी पडली तेव्हा आपण बघतोय हे त्याला दिसलं नाही, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

गयाबाई डोळे पुसत सरकून अक्काजवळ आल्या. "आन तुला, बाई? तुला पोरगं पसंत हाय का?"

आमच्याकडे हा प्रश्न मुलीला कुणी विचारत नसे. आबा लगेच म्हणाले, "तिला काय इचारायचं, आमचं तर—" आणि मध्येच गप्प झाले. आबांना वाक्य अर्धं सोडताना मी तोवर कधी बघितलं नव्हतं. सगळे थांबले. तात्यासाहेब सुद्धा थांबले, आणि ते त्यांना जड जात होतं हे त्यांच्या गुडघ्यावर वाजणाऱ्या बोटांवरून कळत होतं.

अक्कानं घाई केली नाही. मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं, सुई भिंतीच्या फटीत नीट खोचली.

"व्हय," ती म्हणाली. "पन आधी मला ती सुशीला खाऊ द्या. सकाळपासून पोटात काई न्हाई, आन तुमी सगळे माझ्यापुढं खायलाव."